पहिली लिव्हर अ‍ॅक्शन रायफल कुठली घ्यावी? (पेनसिल्व्हेनिया, हरणाची शिकार)

हॅरिसबर्गचा_हरी

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे, पण इथे अमेरिकेतले बरेच जुनेजाणते लिहितात म्हणून विचारतो. हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल घ्यायची आहे आणि ती लिव्हर अ‍ॅक्शनच हवी आहे. चापाखाली कडी असते, ती खाली ढकलून परत वर ओढली की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत, ती.

वय 44, उंची पाच फूट पाच इंच, मूळ गाव गुहागर तालुक्यात. ग्रीन कार्ड गेल्या वर्षी आलं. आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीच्या राखणीसाठी परवान्याची. माजघरात खुंटीवर टांगलेली असायची आणि हात लावलास तर हात मोडीन अशी तंबी होती. गजाने दारू ठासतानाचा ठक ठक आवाज मला अजून आठवतो. बार एकच, तो चुकला की डुक्कर शेताच्या पलीकडे. त्यामुळे एकामागून एक सहा काडतुसं मावणारी ही कडीवाली रायफल दुकानात पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा आजोबाच आठवले.

यंदा ऑगस्टमध्ये मुलीबरोबर शिकारीचा सुरक्षा वर्ग केला. इथे अकराव्या वर्षापासून तो करता येतो, त्यामुळे वर्गात सगळी सहावी-सातवीतली पोरं आणि मधे मी. पोरीला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त पडले, हे ती घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

दुकानात तीन गोष्टी पाहिल्या: मार्लिन 336, विंचेस्टर 94 आणि हेन्री. तिन्ही थर्टी-थर्टी नावाच्या काडतुसाच्या. दुकानदार मात्र .45-70 या मोठ्या काडतुसाच्या मागे लागलाय, "ही घेतलीस की अस्वलाचीही सोय झाली" म्हणतो. माझं बजेट आठशे डॉलर, ताणून नऊशे. दुर्बीण लावावी की साधी माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) बरी? जुनी घ्यावी की नवी? चष्मा आहे, आणि हल्ली जवळचंही धूसर दिसायला लागलंय.

क्लीव्हलंडकाका

हरीभाऊ, पेनसिल्व्हेनियात असाल तर थर्टी-थर्टी खुशाल घ्या. पण ओहायोतल्या मित्राकडे शिकारीला यायचा बेत असेल तर थांबा. आमच्याकडे हरणासाठी रायफल चालते ती सरळ भिंतीच्या काडतुसाची. म्हणजे काडतुसाचं पितळ वरपर्यंत सरळ हवं, गळ्याशी बाटलीसारखं निमुळतं नको. थर्टी-थर्टी निमुळतं आहे, म्हणून इथे बाद. .44 मॅग्नम चालतं, .45-70 चालतं. थर्टी-थर्टीचंच पितळ सरळ करून 2023 मध्ये .360 बकहॅमर नावाचं काडतूस बाजारात आलं, तेही चालतं. ते काढलंच मुळी आमच्यासारख्या राज्यांतल्या लिव्हरवाल्यांसाठी.

माझ्या एका ओळखीच्याने हौसेने पेनसिल्व्हेनियातून थर्टी-थर्टी आणली आणि आता ती फक्त नेमबाजीच्या रेंजवर जाते. आधी राज्याचं नियमांचं पुस्तक, मग दुकान.

बोल्टवाला

भावनेला फाटा देऊन सांगतो. तेवढ्याच पैशांत नवी बोल्ट अ‍ॅक्शन (कडीऐवजी बाजूचा दांडा उचलून मागेपुढे ओढायची) दुर्बिणीसकट येते, नेम जास्त चांगला लागतो, गोळी लांब जाते, साफ करायला सोपी. लिव्हर म्हणजे काउबॉय पिक्चरची हौस. बाकी मर्जी तुमची.

मूग_गिळून

राहवत नाही म्हणून लिहितो. गावाला आजोबा शेत वाचवायला बंदूक चालवत होते, ते समजू शकतो. तुम्हाला हॅरिसबर्गमध्ये कॉस्टकोत सगळं मिळत असताना एक मुका जीव मारायची हौस कशाला? आणि वर लेकीलाही त्यात ओढताय.

हॅरिसबर्गचा_हरी

@मूग_गिळून, तुमचा मुद्दा पटत नाही असं नाही. आमच्या घरीच त्यावर दोन महिने वाद झाला. शेवटी बायकोने तोडगा काढला, मारलंस तर खायचं, आणि सोलण्यापासून फ्रीजरपर्यंत सगळं तूच करायचं. कॉस्टकोतलं चिकन मी आजवर कधी डोळ्यात बघून घेतलेलं नाही, हेही खरं. यापुढे इथे हा विषय वाढवत नाही, वेगळा धागा काढलात तर तिथे येतो.

@बोल्टवाला, हौसच आहे हो. मान्य.

वेळणेश्वरी

गाववाले! ठासणीचं नाव काढलंत म्हणून लॉगिन झाले. आमच्याकडे अजून आहे वडिलांच्या नावावर. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, आणि नेमकं तेव्हाच डुक्कर नाचणीत शिरतं. 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. डुकराने शेत उलथं केलं तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढता येत नाही, त्यामुळे हल्ली वडील पत्र्याचा डबा वाजवतात. डुकरं आता डब्याला ओळखतात.

तुम्हाला उपयोगाचं काही नाही यात. आजोबांची आठवण वाचून बरं वाटलं एवढंच.

कृष्णाकाठचा

हरीभाऊ, दोन दिवस उशिरा बघितलं. मी लायकमिंग काउंटीत राहतो, मूळचा कराडजवळचा. 2009 पासून दर वर्षी थँक्सगिव्हिंगनंतर रानात जातो. सुरुवातीला सीझन सोमवारी उघडायचा आणि इकडे शाळांनासुद्धा सुट्टी असायची. 2019 पासून शनिवारी उघडतो. सांगायचं कारण, सतराएक वर्षांत मी जे काय शिकलो ते बहुतेक चुकून शिकलो. त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी .45-70 चा निकाल लावू. ते काडतूस 1873 चं, अमेरिकन लष्कराचं. 45 म्हणजे व्यास, 70 म्हणजे काळ्या दारूचं ग्रेनमधलं वजन. आजही उत्तम आहे, पण हलक्या लिव्हर रायफलीतून जोरकस काडतूस उडवलंत की खांद्याला जी लाथ बसते ती पहिल्याच शनिवारी लक्षात राहते. मग माणूस चाप ओढताना डोळे मिटायला लागतो आणि ती खोड सुटता सुटत नाही. आपल्याकडचं हरीण पन्नास-साठ किलोचं. त्याला थर्टी-थर्टी गेली सव्वाशे वर्षं पुरलंय. 1895 मध्ये विंचेस्टरने ते आणलं, तीस कॅलिबर आणि तीस ग्रेन बिनधुराची दारू, म्हणून थर्टी-थर्टी. अस्वलाची सोय अस्वलाचं लायसन काढाल तेव्हा बघू.

आता अंतर. बोल्टवाले म्हणतात गोळी लांब जाते. खरंय, पण लांब दिसतंय कुठे? आमच्या डोंगरात हेमलॉकची झाडं आणि माउंटन लॉरेलची झुडपं यांची अशी गचपण असते की सत्तर यार्डांपलीकडे हरणाचं फक्त शेपूट दिसतं, तेही जाताना. मी आजवर घेतलेल्या हरणांत सगळ्यात लांबचं 110 पावलांवर होतं, जवळचं तर बावीस. थर्टी-थर्टी शंभर यार्डांना जुळवून ठेवली तर दोनशेला गोळी साधारण आठ इंच खाली येते. म्हणजे दोनशेला मारूच नये. दीडशे ही माझी लक्ष्मणरेषा, आणि पहिल्या वर्षी तुम्ही शंभरच धरा. मोकळ्या शेताच्या बांधावर बसणार असाल तर मात्र बोल्टवाल्यांचं ऐका, तिथे ते बरोबर आहेत.

एक थाप ऐकायला मिळेल, की थर्टी-थर्टीची जड गोळी झुडपं कापत जाते. कुठलीच जात नाही. बोटाएवढी फांदी आडवी आली की कुठलीही गोळी वाकडी होते. मी ही थाप खरी मानून 2010 मध्ये एक बार लॉरेलमधून काढला होता. हरीण तिथेच उभं राहून माझ्याकडे बघत होतं, मग सावकाश निघून गेलं.

गोळीचं टोक बघून घ्या. या रायफलींत काडतुसं बॅरलखालच्या नळीत एकापुढे एक बसतात, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं टोक टेकतं. टोक अणकुचीदार असेल तर धक्क्याने पुढच्याची टोपी (बुडातली, दारू पेटवणारी) फुटू शकते, नळीच्या आतच. म्हणून चपट्या किंवा गोल नाकाची गोळी. मऊ रबरी टोकाच्या टोकदार गोळ्या निघाल्यात, त्या खास याचसाठी केलेल्या आहेत आणि चालतात. डब्यावर लिव्हर रायफलसाठी असं स्पष्ट असेल तरच. मी मात्र 150 ग्रेनची साधी चपट्या नाकाची वापरतो, शेजारचे आजोबा तीच वापरायचे म्हणून.

हे शेजारचे आजोबा म्हणजे माझं विद्यापीठ. आयुष्यभर लाकडाच्या मिलमध्ये काम केलेला माणूस, डाव्या हाताला साडेतीन बोटं. मी 2009 मध्ये त्यांना हाच प्रश्न विचारला जो तुम्ही विचारलात. ते काही बोलले नाहीत. घरातून त्यांचा जाड लोकरी कोट आणून मला दिला, हातमोजे दिले आणि म्हणाले, हे घालून दुकानात जा. सप्टेंबर महिना होता. दुकानातली गिऱ्हाईकं बघत होती. पण कोट चढवून रायफल खांद्याला लावली आणि कळलं की टी-शर्टात जो दस्ता मापात वाटत होता तो आता काखेत अडकतोय. आपल्या उंचीच्या माणसाला हा अनुभव हमखास येतो. तुम्ही पाच-पाच, मी पाच-चार. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. माशी समोर दिसली तर ती तुमची. मान लांब करावी लागली तर ठेवून द्या, कितीही देखणी असो. दस्ता कापून आखूड करता येतो, पण पहिल्याच रायफलीवर करवत कशाला?

तिन्हींबद्दल माझं मत असं.

विंचेस्टर 94 सगळ्यात सडपातळ. जॉन ब्राउनिंगने आखलेली, सत्तर लाखांहून जास्त बनल्या. वजन तीन किलोच्या आसपास. उघड्या माशीची असेल तर मधोमध एका मुठीत मावते आणि दिवसभर हातात धरून चाललात तरी ओझं वाटत नाही. दुर्बीण लावली की ती मुठीची जागाच जाते, हे दुकानात कुणी सांगत नाही. जुन्यांतलं रिकामं काडतूस वरून, सरळ आपल्या डोक्यावरच्या टोपीवर उडतं, म्हणून दुर्बीण मधोमध बसत नाही. 1980 च्या दशकापासूनच्यांत ते जरा तिरकं उडतं, त्यांना बसते. 1964 च्या आधीची म्हणून कुणी दुप्पट भाव सांगेल, तो संग्राहकांचा खेळ आहे, हरणाला साल कळत नाही. न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद झाला, आता नव्या जपानमधून येतात. काम सुरेख असतं पण तुमच्या बजेटबाहेर.

मार्लिन 336 थोडी जाड, थोडी जड, काडतूस बाजूने उडतं आणि वरचा भाग सपाट बंद. त्यामुळे दुर्बीण बसवायची तर हीच. 1948 पासून आहे. कंपनी 2020 मध्ये रुगरने विकत घेतली, नव्या 336 आता नॉर्थ कॅरोलायनात होतात आणि हजाराच्या वर जातात. तुम्ही जुनी बघा. सत्तर-ऐंशीच्या दशकातलीचं साल ओळखायची गंमत आहे: नंबरातले पहिले दोन आकडे शंभरातून वजा करायचे. माझ्या नंबराची सुरुवात 24 ने होते, म्हणजे 1976. माझ्याच वयाची निघाली, म्हणून घेतली असं बायको म्हणते. तीनशे वीस डॉलर पडले होते तेव्हा. आता त्या भावात दस्तासुद्धा मिळायचा नाही, पण पाचशे ते सातशेत शोधली तर सापडते.

हेन्री नवी घ्यायची तर गुळगुळीत चालते. 1860 च्या जुन्या हेन्री रायफलीचं नाव घेतलंय, कंपनी मात्र 1996 ची, ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली. तिचा एक फायदा फार मोठा आहे आणि तो रिकामी करण्यात आहे. आतली नळी पुढून ओढली की काडतुसं हातावर घरंगळत येतात. मार्लिन-विंचेस्टर रिकामी करायची तर कडी खालीवर करत एकेक काडतूस चेंबरमधून (बॅरलच्या मागच्या टोकातून) काढावं लागतं. आपल्या राज्यात मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या नळीत) एक जरी काडतूस असलं तरी रायफल भरलेली समजतात आणि भरलेली रायफल गाडीत ठेवता येत नाही. म्हणजे रोज संध्याकाळी, अंधार पडताना, गारठलेल्या बोटांनी ते करायचंय. करताना रायफलीचं तोंड जमिनीकडे आणि बोट चापाच्या बाहेर.

आता घोड्याची गोष्ट, ही नीट वाचा. या रायफलींना मागे उघडा घोडा असतो, म्हणजे चाप ओढला की काडतुसाच्या टोपीवर घाव घालणारा हातोडा. कडी ओढली की तो चढतो. हरीण आलं, घोडा चढवला, हरीण गेलं, मग चढलेला घोडा उतरवायचा असतो. चाप ओढून, अंगठ्याने धरून, हळूहळू अर्ध्या खाचेपर्यंत, म्हणजे तो मधेच अडकून राहतो तिथपर्यंत. 2011 च्या सीझनचा दुसरा शनिवार, उणे दहा तापमान, हातात जाड मोजे. अंगठा घसरला. बार उडाला. तोंड जमिनीकडे होतं म्हणून आज हे टाईप करतोय. माझ्या बुटापासून दोन फुटांवर बर्फात काळं भोक पडलं आणि कानात अर्धा तास भोंगा. आजोबा खालच्या ओढ्याशी बसले होते, त्यांना वाटलं मी हरीण मारलं. धापा टाकत वर आले, भोक बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि थर्मासमधली कॉफी ओतून दिली. घरी पोचेपर्यंत एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या ओट्यावर बसवून रिकाम्या रायफलीवर पन्नास वेळा घोडा उतरवून घेतला, उजव्या हाताचा मोजा दातांनी काढून.

तुम्हीही तेच करा, रिकाम्यावर, घरी, पन्नास वेळा. मार्लिनला साधारण 1984 पासून सुरक्षेची आडवी खिट्टी आहे, नव्या विंचेस्टरला दस्त्याच्या मानेवर आहे, हेन्रीत चाप ओढल्याशिवाय टोपीवर घाव बसत नाही अशी आतली व्यवस्था आहे. माझ्या 1976 वालीला यातलं काही नाही, फक्त अर्धी खाच आणि माझा अंगठा. आणि दुर्बीण लावलीत तर घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही, त्याला बाजूला एक आडवा खुंटा बसवून मिळतो, तो बसवाच.

डोळ्यांचं. चाळिशी लागली की नेम धरायची मागची खाच, पुढची माशी आणि हरीण ही तिन्ही एकदम स्पष्ट दिसणं बंद. तुम्ही लिहिलंय जवळचं धूसर, म्हणजे मागची खाच गेलीच. यावर दुर्बिणीशिवायचा उपाय म्हणजे मागे डोळ्याजवळ छिद्राची चकती बसवायची. तिच्याकडे बघायचंच नाही, तिच्यातून बघायचं. डोळा आपोआप मध्य धरतो, तुम्ही फक्त माशी हरणावर ठेवायची. छिद्र मोठं ठेवा, संध्याकाळी उजेड कमी असतो. शंभर डॉलरच्या आत काम होतं. मी 2017 ला बसवली आणि दोन वर्षं वाया घालवल्याचा पश्चात्ताप झाला. कारण त्याआधीच्या दोन सीझनला मी चुकवत होतो आणि दोष काडतुसांना देत होतो.

विकत घेताना कडी दहा वेळा जोरात आणि दहा वेळा अगदी सावकाश चालवून बघा, दुकानदाराला विचारून. सावकाश चालवताना मधे अडकली तर नको. बॅरलच्या तोंडातून उजेडाकडे बघा, खड्डे दिसले तर भाव पाडा किंवा चालू पडा. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर समजा आधीच्या मालकाने नको ती दुरुस्ती केलीय.

माझा कौल: जुनी मार्लिन किंवा 80 च्या दशकातली विंचेस्टर, यांतली जी कोट घालून खांद्याला बसेल ती. वरच्या पैशात चकती आणि तीन-चार डबे काडतुसं. त्यातले दोन डबे सीझनआधी रेंजवर संपवा, बाकावर टेकून नाही, उभ्याने आणि झाडाला टेकून.

हरीण मिळालं तर मटणाची कृती कळवतो. चरबी नसते, आपल्या बकऱ्यासारखं शिजवलंत तर चप्पल होते.

एच_वन_वाला

कृष्णाकाठचे काका, भारी लिहिलंय. माझा एक प्रश्न. मी एच-वनवर आहे, पिट्सबर्गला. मला घेता येते का? ऑफिसमधले म्हणतात नाहीच, दुसरे म्हणतात चालते.

कृष्णाकाठचा

दोघंही अर्धे बरोबर. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला साधारणपणे बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्राच्या कायद्यानेच मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचं शिकारीचं चालू लायसन. म्हणजे आधी सुरक्षा वर्ग, मग लायसन, मग दुकान. दुकानात 4473 नावाचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हे विचारतात आणि लायसनची प्रत जोडायला लागते. लायसनची मुदत संपली की अपवादही संपला, हे विसरू नका, कपाटातली रायफल तशीच कपाटात असते. आणि त्या फॉर्मवर अंदाजे काही लिहू नका. बंदुकीच्या गुन्ह्यात अडकलात तर व्हिसाच काय, ग्रीन कार्डही जातं. एकदा वकिलाला विचारून घ्या, इथल्या काकाच्या भरवशावर राहू नका.

हॅरिसबर्गचा_हरी

(डिसेंबर) धागा वर आणतोय. रायफल आली!

कोट घालून गेलो. मुलगी दुकानात माझ्यापासून वीस फूट लांब उभी राहिली, ओळख न दाखवता. चार मार्लिन लावून बघितल्या, सगळ्यांत मान लांब करावी लागली. मग कोपऱ्यात एक विंचेस्टर 94 होती, तिरकं काडतूस उडवणारी, दस्त्यावर कुणीतरी खिळ्याने नऊ रेघा ओढलेल्या. डोळे उघडले तर माशी समोर. 640 डॉलर. रेघांमुळे दुकानदाराने स्वस्त दिली. मी म्हणालो रेघा हव्याच आहेत. चकती बसवली. घोडा पन्नास वेळा उतरवला, मुलगी मोजत होती, 31 व्या वेळी अंगठा घसरला. रिकामीच होती, पण तुमचं भोक डोळ्यांसमोर आलं, मग शंभर वेळा केलं.

पहिल्या शनिवारी पहाटे साडेपाचला गेम लँडवर (शिकारीच्या सरकारी रानात) पोचलो. नारिंगी टोपी, नारिंगी जॅकेट, आम्ही दोघं ट्रॅफिक कोनसारखे. साडेआठला खालच्या ओकांमधून दोन माद्या आल्या, मागे एक नर. साठेक पावलं असतील. घोडा चढवला. माझ्या भागात नराच्या शिंगाला एका बाजूला तीन टोकं लागतात आणि माझ्याकडे मादीचं वेगळं लायसन नव्हतं. दोन टोकं नक्की दिसत होती. तिसरं आहे की फांदी आहे ते कळेना. मुलगी कानात पुटपुटली, "बाबा, दोनच आहेत." मला तीन दिसावीत असं फार वाटत होतं. तो अर्धा मिनिट उभा राहिला असेल. गेला. मी मोजा दातांनी काढला आणि घोडा उतरवला. हात थरथरत होता, पण उतरवला.

दुसऱ्या शनिवारी पुन्हा जाणार आहे. एक शंका: घरी आणल्यावर अर्ध्या तासात रायफलीवर पाणीच पाणी झालं, आतून बाहेरून. तेल जास्त लावू का?

कृष्णाकाठचा

पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. आमच्यात तिला पुढच्या वर्षी हाकेवाली (हरणं हुसकावणारी) म्हणून घेतो.

तेल जास्त नको, उलट पुसून टाका. थंडीत दाट होतं आणि घोडा सुस्त पडतो. पाणी येतंय ते थंड लोखंडाला घरातली ऊब लागल्यामुळे, गार ग्लासला बाहेरून येतं तसं. रानातून आणलीत की गाडीतून उतरवायच्या आधीच पिशवीत घालून चेन लावा आणि घरात तशीच बंद राहू द्या, दोन-तीन तास. पिशवी ओली होईल, रायफल नाही. मग काढा, फडक्याने पुसा, तेलाचा एक हात. पण रात्रभर पिशवीत विसरू नका, मी विसरलोय, बॅरलवर तांबूस डाग अजून आहेत.

आणि मादीचं लायसन पुढच्या वर्षी वेळेत काढा. उन्हाळ्यातच विक्री सुरू होते आणि चांगल्या भागातली संपतात.